नुसती वरची काच

“हनुवटी इथे टेकवा सर, कपाळ पट्टीला लावा आणि हिरव्या ठिपक्याकडे बघत राहा. डोळा मिचकवू नका,” भूमिका म्हणाली आणि ठवकर सरांनी मुकाट्याने हनुवटी टेकवली. चौतीस वर्षं दुसऱ्यांना गप्प बसवलेल्या माणसाला कुणी असं गप्प बसवलं, की आधी राग येतो आणि मग, का कोण जाणे, जरा बरंही वाटतं. नागपूरच्या धंतोलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यातली ती छोटी अंधारी खोली होती. भूमिका तिथे तपासण्या करायची. पंचविशीची, पारशिवनीकडची, हे सरांनी पहिल्या दोन मिनिटांतच विचारून घेतलेलं. डोळ्यात एक लख्ख रेघ येऊन गेली आणि बाजूच्या पडद्यावर चित्र उमटलं. सर मान वळवून बघतात तो काय! एकाला एक लागून षट्कोन. काळ्या बारीक रेघांनी आखलेले, राखी रंगाचे, मध्ये मध्ये काळे खड्डे. उजव्या डोळ्यावर वर्षभर मोतीबिंदूची साय धरलेली, डावाही काही धड नाही, तरी सर खुर्चीतून अर्धे उठून पडद्याला नाक लावून उभे राहिले. पेशी! आता पेशी ओळखायला ठवकर सरांना कुणी चष्मा देऊ नये. “वा!” ते म्हणाले. “काय सुंदर बांधणी आहे! कोणत्या प्राण्याची ऊती ही?” भूमिका हसली नाही. “तुमचीच आहे सर. आत्ताच तर काढली न. पारपटलाचा, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा आतला थर.” सर म्हणाले, “पारपटलाचा? तिथे कुठल्या पेशी?” आणि म्हणता म्हणताच अडखळले, जिन्याची एक पायरी कमी निघावी तसे.

हे अडखळणं कशाचं होतं ते त्यांना लगेच कळलं नाही. लगेच कळली ती फक्त लाज, आणि लाजेवर त्यांच्याकडे एकच औषध होतं, प्रश्न विचारणं. हे काळे खड्डे कसले? “तिथल्या मेल्या सर.” मग नव्या येतील की! पेशीपासून पेशी होते, नववीचा धडा आहे. “इथे नाही येत. जन्माला येताना जेवढ्या, तेवढ्याच. एक मेली की शेजारच्या पसरतात अन् तिची जागा भरतात. म्हणून बघा, ह्या इथल्या कशा मोठ्या मोठ्या झाल्या, आकार बिघडला त्यांचा. तुमच्या नऊशे भरल्या सर. या वयात दोन-अडीच हजार पाहिजेत.” आणि त्या करतात काय? भूमिकाने त्यांच्याकडे जरा नवलाने बघितलं. “पाणी उपसतात न. पारपटलात आतून पाणी झिरपत राहते, ते ह्या चोवीस तास बाहेर टाकतात. म्हणून तर ते स्वच्छ राहते. थांबल्या, की धुकं. तुम्हाला सकाळी धुकं दिसते न, दुपारी कमी होते? रात्रभर डोळा मिटलेला, पाणी साचते.” सकाळचं धुकं त्यांना तीन वर्षांपासून दिसत होतं. घराकडे, बेसाच्या बाजूला नुसते टॉवर उठताहेत, त्याची धूळ आहे, हिवाळा आहे, असं ते गुंजनला सांगत आले होते. गुंजन त्यांची एकुलती एक मुलगी. नवऱ्यासकट शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहायची. तिने एकदा म्हटलंही होतं, “बाबा, मे महिना सुरू आहे. नागपुरात मे महिन्यात कोणतं धुकं असते?” पण मास्तर माणूस, एकदा कारण सांगितलं, की ते मागे घेत नाही.

खोलीतून निघता निघता त्यांनी भूमिकाला विचारलंच, शाळेत असताना स्वतःची पेशी पाहिली होतीस का? “नाही सर. आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक होता, पण कपाटात. कपाटाला कुलूप होतं.” बास! सरांचा संताप एकदम ओळखीच्या रस्त्याला लागला आणि त्यांना बरं वाटलं. कुलूप! महाल भागातल्या त्यांच्या शाळेत असं एक तरी वर्ष गेलं असतं का? नववीच्या पहिल्या दिवशी पोरांनी काडेपेटीच्या काडीची मागची बाजू धुऊन गालाच्या आतून फिरवायची, काचपट्टीवर पुसायची, निळ्या शाईच्या थेंबात बुडवायची आणि एकेकाने येऊन स्वतःला बघायचं. सूक्ष्मदर्शक एक आणि पोरं चौसष्ट. तीन दिवस लागत. तोवर पुस्तक उघडायचं नाही. मुख्याध्यापक दारात येऊन घड्याळ बघत, आणि सर त्यांनाही म्हणत, “या, तुमचीही बघून घ्या.” पोरगं भिंगाला डोळा लावायचं आणि पहिल्यांदा काहीच दिसायचं नाही, मग एकदम दिसायचं, आणि त्याचा चेहरा असा व्हायचा, की तो एक चेहरा बघायला मिळावा म्हणून सरांनी दोनदा पर्यवेक्षकाची जागा सोडली. मग फळा. हात न उचलता एका ओढीत पेशीपटल, मध्ये केंद्रक, पिवळ्या खडूने तंतुकणिका, हिरव्याने अंतर्द्रव्यजालिका. आणि त्या आकृतीला शनिवारपर्यंत कुणी फडकं लावायचं नाही. आता ह्याला कुणी गर्व म्हणत असेल तर म्हणो. होताच गर्व. ज्याला आपल्या कामाचा गर्व नाही त्याने दुकान टाकावं, असं ते म्हणत. एका प्रदर्शनाला पुष्पलताही आली होती, त्यांची बायको. सातवी शिकलेली, लाजून मागे उभी राहिलेली. सरांनी तिलाही काडी दिली. तिने भिंगातून पाहिलं आणि विचारलं, “हे मीच आहे का?” तूच. “मंग बाकीची मी कुठं हाय?” पोरं खदखदली, सरही हसले. उत्तर त्यांनी दिलंच नाही. त्यांना तो प्रश्न वाटलाच नव्हता.

डॉक्टर सुहासिनी चाळिशीतल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी चित्र पाहिलं, सरांचे दोन्ही डोळे पाहिले आणि सोबत आलेल्या गुंजनकडे न बघता सरळ सरांशी बोलल्या, हे सरांना आवडलं. पुढचं आवडलं नाही. मोतीबिंदू काढावा लागेल, लवकर; जितका उशीर तितका तो टणक, आणि टणक मोतीबिंदू काढताना ह्या पेशी जास्त मरतात. हात कितीही हलका असला तरी काही मरतातच. उरलेल्यांनी भार पेलला तर उत्तम. नाही पेलला, तर धुकं कायमचं. मग आतला एवढासा पापुद्रा बदलायचा, नेत्रदानातून आलेला. “दोन्हींची संमती मी आधीच घेते. लागला तर घालू, नाही लागला तर प्रश्नच नाही. पण अर्ध्यावर थांबायचं असेल तर मी सुरुवात करत नाही.” आणि काहीच केलं नाही तर? “दीड-दोन वर्षांत समोरचा माणूस ओळखू येणार नाही.” सर म्हणाले, “मोतीबिंदूची सही देतो. दुसरी नाही.” गुंजन म्हणाली, “बाबा, असं काय करून राहिले?” सर म्हणाले, “डॉक्टर, मी देणाऱ्यांतला आहे. माझ्या घरातून नेत्रदान झालेलं आहे. प्रमाणपत्र आहे भिंतीवर.” डॉक्टर म्हणाल्या, “मग तर तुम्हाला समजवावं लागणार नाही.” त्यात टोमणा नव्हता, पण सरांना तो लागला. ते उठले. “विचार करून सांगतो,” म्हणाले आणि बाहेर आले.

बाहेरच्या बाकावर त्यांना बसवून गुंजन थेंबांच्या औषधांसाठी खाली गेली. जाताना तिचे डोळे भरले होते, आणि ते आपल्याला नीट दिसले नाहीत, नुसते चमकलेले दिसले, हेही सरांच्या ध्यानात आलं. समोर भिंतीला टेकून एक बाई बसली होती. एका डोळ्यावर हिरवं फडकं, दुसरा उघडा. सरांनी सवयीने त्या उघड्या डोळ्यात पाहिलं. ही सवय चार वर्षांची. पुष्पलता गेल्यापासून ते बेसाच्या आठवडी बाजारात, बँकेत, लग्नाच्या पंगतीत लोकांच्या डोळ्यांत बघत. कोथिंबीरवालीने एकदा विचारलंही, “काय पाहून राहिले बाबाजी?” सर म्हणाले, काही नाही, पाव किलो दे. एवढी कोथिंबीर घरी नेऊन करायचं काय, एकट्या माणसाने? पण त्या बघण्यात दुःख होतं म्हणावं तर तेही पूर्ण खरं नाही. शेतकरी दुसऱ्याच्या बांधावरून जाताना आपण दिलेलं बियाणं कसं उगवलं ते बघतो, तसं होतं ते बघणं. मालकाचं. ह्यांच्यातल्या कुणाला तरी मी दिलेलं आहे. मी. तिने, असं कधी त्यांच्या मनात आलं नव्हतं. आता ह्या दवाखान्याच्या बाकावर, फिनाईलच्या वासात, ते पहिल्यांदा आलं आणि जाईना.

कारण तिला विचारलं कुठे होतं? सकाळी सात वाजता स्वयंपाकघरात ती खाली बसली ती उठलीच नाही. चहा उतू गेला होता. नऊ वाजेपर्यंत माणसं जमली, साडेनऊला कुहीहून चंपतराव आले, सरांचे मोठे भाऊ. धानाच्या बांधीत, भातशेतात आयुष्य काढलेले, सही करण्यापुरतं शिकलेले. सरांच्या आत तेव्हा नुसता पोकळ गोंगाट होता, आणि त्या गोंगाटात एक गोष्ट तेवढी स्पष्ट होती: नेत्रदान. ते त्यांनी हॉलच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं. बायकांमध्ये कुजबूज उठली. पुढच्या जन्मी आंधळी येईल, यमुताई म्हणाल्या, खालच्या मजल्यावरच्या. गुंजन रडता रडता म्हणाली, “बाबा, आईले विचारलं होतं का तुम्ही कधी?” आणि सर म्हणाले, त्यात विचारायचं काय, विज्ञान आहे हे. मग त्यांनी समजावून सांगितलं. चौतीस वर्षांच्या आवाजात, बायकोच्या पायांशी उभं राहून, शब्द न अडखळता. डोळा काढत नाहीत. नुसती वरची काच काढतात, पारपटल. त्यात रक्तवाहिनी नाही. आणि जिथे रक्त नाही तिथे जीव कसला? घड्याळाची काच बदलावी, तसं आहे ते. चंपतराव पुढे आले होते. “थ्याच्यात तिचं काई नसते न?” त्यांनी विचारलं. “काही नसतं दादा. जीवच नसतो त्यात.” चंपतराव बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “घेऊ दे.” त्यांनी म्हटलं, तिथेच विषय संपला. तेरवीच्या दिवशी, शाळेच्या शोकसभेत, मग दरवर्षी नेत्रदान पंधरवड्यात ज्याने बोलावलं त्याच्या मंचावर सरांनी हे सांगितलं होतं: माझ्या निरक्षर भावाला मी पाच मिनिटांत पटवून दिलं. लोक टाळ्या वाजवत. सर नमस्कार करून खाली बसत, आणि घरी आल्यावर त्या प्रमाणपत्राखालच्या खुर्चीत बराच वेळ दिवा न लावता बसत. ते मात्र त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

आणि आता हे! जीव नसतो म्हणे! अहो, जीवच काय तो तिथे असतो. चौतीस वर्षं मी पारपटल नुसती काच म्हणून शिकवलं, आणि आत पेशी, शेकडो, हजारो, एकीला एक खेटून, प्रत्येकीत केंद्रक, प्रत्येकीत तंतुकणिका पेटलेल्या. सोडियम इकडून तिकडे ढकलताहेत, मागोमाग पाणी. पेशीपटलावरचा तो पंप तर मी दरवर्षी बाणांनी काढून दाखवायचो. लाल बाण बाहेर, निळा बाण आत. कुठे चालतो तो, असं एका पोराने विचारलं असतं तर? विचारलं नाही कुणी. आणि विचारलं असतं तरी डोळ्याचं नाव माझ्या तोंडून निघालं नसतं. सरांनी मान मागे टेकवली. छताचा पंखा फिरत होता, तो त्यांना धुरकट गोल दिसत होता. मग हळूहळू, उन्हात ठेवलेलं भांडं तापावं तसा, दुसरा विचार आला, आणि तो आला तेव्हा सर बाकावर ताठ झाले. इथल्या पेशी नव्या होत नाहीत. जन्माला येतानाच्याच. गालाच्या पेशी आठ-पंधरा दिवसांत झडतात, रक्तातल्या तांबड्या चार महिन्यांत संपतात, कातडी महिन्याला नवी होते. प्रदर्शनात तिने भिंगातून पाहिली ती पुष्पलता त्या पंधरवड्यातच संपली होती. पण ह्या? ह्या तिच्या आईच्या पोटात तयार झालेल्या, तिकडे पारशिवनीच्या बाजूला, त्रेसष्ट वर्षांपूर्वी. अंतरपाट खाली झाला तेव्हा ह्याच होत्या. गुंजन झाली तेव्हा ह्याच. मी पगार झाल्यावर घरी यायच्या ऐवजी पुस्तकांच्या दुकानात जायचो आणि ती खिडकीत उभी असायची, तेव्हाही ह्याच. पाणी उपसत होत्या, तिला रस्ता दिसावा म्हणून. मधल्या मेल्या असतील, शेजारच्यांनी जागा भरली असेल. तिचा स्वभावच तो. सासू गेली तिची जागा तिने भरली, नणंद गेली तिची भरली, आवाज न करता पसरत गेली. आणि त्या सगळ्यांतून उरलेली, पहिल्या दिवसापासूनची पुष्पलता होती, ती मी, काच म्हणून, देऊन टाकली.

देऊन टाकली? की गेली? सरांना गदगदून आलं. पण नवल असं, की त्यात नुसतं रडू नव्हतं. छाती भरून आली होती. ती आत्ता, ह्या क्षणी, ह्याच शहरात नाही तर भंडाऱ्यात, गोंदियात, कुठेतरी कुणाच्या तरी डोळ्यात चालू आहे. चार वर्षं! मी दिवा न लावता बसत होतो आणि ती कामावर होती. एक सुट्टी नाही. पुष्पे, सर मनात म्हणाले, तू तर माझ्याही पुढची निघालीस गं. असा गर्व त्यांना स्वतःचा कधी वाटला नव्हता, शाळेतल्या सत्काराला नाही, मंचावरच्या टाळ्यांना तर नाहीच. पण ह्या गर्वाच्या मागोमाग ती दुसऱ्या सहीची गोष्ट काही सरळ होत नव्हती. कारण उद्या आपल्या डोळ्यात असंच कुणीतरी येणार. काच असती तर घेतली असती. दुकानातून काच घ्यायला कसली लाज? पण हा कुणाचा तरी पहिल्या दिवसापासूनचा भाग; आणि तिकडे कुणी बाई किंवा बुवा बाजारात लोकांच्या डोळ्यांत बघत फिरणार. आपण त्याला काय तोंड दाखवणार? आयुष्यात कुणाची वही उसनी घेतली नाही. आणि त्याआधी दादाला तोंड दाखवायचं आहे. त्याने विचारलं होतं, त्यात तिचं काही नसतं ना? मी नाही म्हणालो. खोटं सांगून माणसाचा होकार मिळवला. अजाणता असेल, पण खोटंच ते. ठवकर सरांनी उभ्या आयुष्यात कुणाला “माझं चुकलं” म्हटल्याचं कुणाला आठवणार नाही, फळ्यावर चूक झाली, की ते म्हणत, “बघत होतो कुणाच्या लक्षात येतं का.” त्यांनी खिशातून फोन काढला. आकडे दिसेनात, तेव्हा गुंजनने पहिल्या बटणावर लावून ठेवलेला नंबर दाबला. तो चंपतरावांचा होता.

“बोल गा इश्वनाथ. काय म्हनते डाक्तर?” मागे बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. सर म्हणाले, “दादा, तुले एक सांगाचं होतं.” भावाशी बोलताना त्यांची शाळा आपोआप गळून पडायची. “पुष्पाचे डोळे देले न आपण, तवा तू मले इचारलं होतं, थ्याच्यात तिचं काई नसते न. मी म्हटलं होतं, जीव नसते. दादा, माहं चुकलं. जीव असते थ्याच्यात. जितं असते थे. मले आज समजलं.” पलीकडे चंपतराव खाकरले. “मंग?” “मंग काय? मी तुले खोटं सांगतलं न.” “अबे मास्तर,” चंपतराव म्हणाले, “मले तवाच मालूम होतं.” सरांना वाटलं, नीट ऐकू आलं नाही. “काय मालूम होतं?” “जीव हाय म्हनून. थो पोट्टा आला होता न दवाखान्याचा, थ्यानं गुलाबी पान्याच्या शिशीत टाकलं, शिशी बर्फाच्या डब्यात ठेवली अन् डबा छातीशी धरून जिना उतरला, लेकरू धरते तसा. अन् म्या हो म्हनाच्या पयलेच फोनवरी म्हनत होता, सा घंट्याच्या आत पाह्यजे. मेलेल्या गोष्टीची कोनाले एवढी घाई असते गा? माती द्याले बी लोकं दुसऱ्या दिवसाची वाट पायतेत.” सरांनी विचारलं, “मंग तू घेऊ दे काहून म्हटलं?” चंपतराव चिडले. “काहून म्हंजे? म्हनूनच तं म्हटलं! जीव नसता तं कायले हात लावू देला असता तिले? जीव हाय तं राहू दे कुठं तरी. सारीच्या सारी कायले जाळाची?”

कुठली तरी खुर्ची सरकली, कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. “अन् मले काहून नाई सांगतलं?” ते शेवटी म्हणाले. “तू कोनाचं आयकून राह्यला होता तवा? भाषन देऊन राह्यला होता.” चंपतराव आवाज उतरवून म्हणाले, “मंग तू गावभर सांगत फिरला, अडानी भावाले पाच मिन्टात पटवलं म्हनून. कानावर आलं माह्या. म्या म्हटलं, सांगू दे. बाईको तं गेली, फुशारकी तरी राहू दे थ्याच्यापाशी.” सरांच्या घशातून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता की कसला, ते त्यांनाही कळलं नाही; समोरच्या फडकंवाल्या बाईने मात्र वर पाहिलं. मग त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं: ऑपरेशन, नऊशे पेशी, दुसऱ्याचा पापुद्रा, आपण सही केली नाही ते. “काहून नाई केली?” “मले घ्यावं वाटत नाई दादा. कोनाचं तरी जितं...” “देतानी छाती फुगवून उभा होता मंधात. घेतानी काहून लाज वाटून राह्यली तुले? घेनारा नसता, तं तुया देण्याले कोनं इचारलं असतं? पुष्पाबाई राह्यली असती का मंग?” बैलाची घंटा पुन्हा वाजली. “कर सही. कापणी होऊन गेली हाय, मी येतो ऑपरेशनले. अन् आयक, तिथं बसून रडू नोको, पोरगी भेईन.” रडत कोण आहे, असं सर म्हणणार होते, तेवढ्यात फोन बंद झाला. चंपतरावांना फोन ठेवताना निरोप घ्यायची पद्धत नव्हती.

गुंजन औषधांची पिशवी घेऊन वर आली तेव्हा बाक रिकामा होता. ती घाबरून इकडेतिकडे बघते तो सर डॉक्टरांच्या दाराशी भूमिकासमोर उभे. उजवा हात पुढे, पेन मागत. “सही कुठे करायची ते सांग,” ते म्हणत होते. “दोन्हींवर.” भूमिकाने दोन कागद टेबलावर ठेवले आणि बोट ठेवून जागा दाखवली. सर वाकले. कागदावरचं काहीच वाचता येत नव्हतं, पण हात चुकला नाही. फळ्यावर काढायचे तशी, न थांबता एका ओढीत, त्यांनी सही केली, आणि मग दुसरी. गुंजनने त्यांचा दंड धरला. भूमिका कागद उचलताना नेहमीप्रमाणे म्हणाली, “सर, समजलं न सगळं? लागलाच तर जो पापुद्रा येईल तो कुणाचा आहे ते आम्ही सांगत नाही. त्यांनाही तुमचं नाव सांगत नाही. नियम आहे.” “मला नाव नको,” सर म्हणाले. ते सरळ उभे राहिले, शर्ट खाली ओढला, आणि ज्या आवाजात ते चौसष्ट पोरांना शेवटच्या बाकापर्यंत ऐकवत, त्या आवाजात म्हणाले, “त्यांच्या घरच्यांना एवढंच सांगा, मास्तरच्या डोळ्यात गेला म्हणून. त्याला दिवसभर काम असेल.” भूमिका म्हणाली, “तेही सांगता येत नाही सर.” बाकावरच्या सगळ्या माना इकडे वळल्या होत्या. “नसेल येत,” सर म्हणाले. “मला सांगायचं होतं, मी सांगितलं.”